फरक स्पष्ट करा

'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न समोर आला की महाराष्ट्रात शिकलेला माणूस आधी पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. मुद्दे चार, कारण गुण चार. हवा आणि हवामान, मिश्रण आणि संयुग, धमनी आणि शीर. चौथा मुद्दा सुचला नाही तर पहिलाच उलटा करून लिहायचा. तपासणाऱ्यालाही घरी जायचं असतं. शाळा सुटते, पण छत्रपती संभाजीनगरात ही रेघ काही सुटत नाही. इथे ती रोज मारावी लागते, आणि बहुतेक वेळा ती दोन इंग्रजी शब्दांच्या मधून जाते.

आमच्या गल्लीत एक सर राहतात. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. व्याकरण मात्र अजून सेवेत आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांच्या वडिलांची, रेन आणि मार्टिन त्यांचं स्वतःचं, आणि मोबाइलमधला शब्दकोश नातीने टाकून दिलेला. त्यांचा सिद्धान्त साधा आहे: इंग्रजीत दोन शब्द असतील तर अर्थही दोनच असणार, इंग्रज माणूस स्पेलिंग उगाच वाया घालवत नाही. सावलीला ते कधी नुसती सावली म्हणत नाहीत. "झाडाची ती शेड, तुमची ती शॅडो. शेडमध्ये बसून डबा खाता येतो, शॅडोत येत नाही." पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हे वाक्य मनापासून मान्य केलं. पुढे ती पोरं मोंढ्यात, कोर्टात, वाळूजला कामाला लागली. तिथे त्यांना शेड भेटली ती पत्र्याची, नाहीतर रंगाच्या दुकानात पुठ्ठ्यावर. मे महिन्यात भर दुपारी क्रांती चौकातल्या सिग्नलला उभं राहिलं की शेड नसतेच, आणि शॅडोही ऊन नको म्हणून पायाखाली शिरलेली असते.

सरांशी माझा वाद एवढाच आहे. पुस्तकातला फरक अर्थाचा असेल, सर. आपल्या गावातला फरक दराचा, हुद्द्याचा, नाहीतर जबाबदारीचा असतो. शब्द त्यांच्याकडून आले, पण मधली रेघ आपण आपल्या हाताने मारली. सर म्हणतात, उदाहरण द्या. आता उदाहरणांची काय कमी?

पोटापासूनच सुरुवात करू. सरांच्या पुस्तकात हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा आणि रेस्टॉरंट म्हणजे जेवायची. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जिथे कट चहा आणि भजी मिळतात. मुक्काम असतो लॉजवर. वेरूळ-अजिंठा पाहायला आलेला परदेशी पाहुणा स्टेशनबाहेर 'हॉटेल' विचारतो, तेव्हा रिक्षावाला त्याला विचारतो, "खाने का होना या सोने का?" इंग्रजीच्या मोठमोठ्या कोशकारांना जे समजावून सांगायला अर्धं पान लागतं, ते रिक्षावाल्याने मीटर न टाकता सांगितलं.

जुन्या पाट्यांवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' असायचं. त्यातलं लॉजिंग म्हणजे झोपणं, हे सगळ्यांना कळायचं. बोर्डिंग म्हणजे जेवण, हे फार थोड्यांना. इंग्रजीत बोर्ड म्हणजे मूळचं जेवणाचं टेबल, आणि टेबलावरून ते ताटावर आलं. मराठीत मात्र बोर्डिंग म्हणजे खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांचं वसतिगृह. तिथली आमटी ज्यांनी खाल्ली, त्यांना या शब्दाचा अर्थ जेवण असा असेल ही शंकासुद्धा आली नाही, यात त्यांचा दोष नाही.

आता बोर्डिंगं मागे पडली. पोरं 'रूम करून' राहतात, आणि रूम महाग पडली तर 'कॉट बेसिस'वर. यात खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळते. कॉटवरची जागा आपली. कॉटखालची कुणाची, यावर अजून कोणत्याही न्यायालयाचा निकाल आलेला नाही. ही पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात आणि दिवसभर औरंगपुरा-समर्थनगर भागात कुठेतरी बसलेली असतात. कुठे बसतात? अभ्यासिकेत, रीडिंग रूममध्ये, स्टडी सेंटरमध्ये किंवा लायब्ररीत. अभ्यासिकेत पंखा असतो, रीडिंग रूममध्ये कूलर, स्टडी सेंटरमध्ये एसी, आणि लायब्ररीत एसीबरोबर वायफाय. पुस्तक चारही ठिकाणी आपापलं न्यायचं. शिकवण्याचंही तसंच. ट्यूशन, क्लास, क्लासेस, अकॅडमी, इन्स्टिट्यूट: शिकवणारे सर तेच, उदाहरणं तीच, विनोदसुद्धा तेच, फी मात्र शब्दागणिक एक मजला वर चढते. कोशात हे सगळे शब्द सख्खे भाऊ आहेत. रेटकार्डात त्यांची केव्हाच वाटणी झालेली आहे.

दरानंतर हुद्दा. गावाच्या चारी अंगांनी एमआयडीसी पसरल्या आहेत: रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा. बजाजचा वाळूजचा प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांत 'कंपनी' हा शब्द राहायला आला. इंग्रजीत कंपनी म्हणजे कायद्याने नोंदलेली संस्था, नाहीतर सोबत. इथे कंपनी म्हणजे अशी इमारत, जिची बस चौकात न्यायला येते. कंपनी आणि कारखाना यांत गल्लत करायची नाही. कारखाना साखरेचा असतो, त्याला चेअरमन असतो आणि चेअरमनला निवडणूक असते. कंपनीला एचआर असतो आणि तो कुणाच्याच मतावर निवडून येत नाही. 'फॅक्टरी' फक्त मालकाच्या तोंडी शोभते. आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ टाकले की बाहेर पाटी लागते 'इंडस्ट्रीज', तीही अनेकवचनी.

महिन्याला हातात पडणारा पैसा एकच, पण त्याची नावं किती! रोजंदारीवाल्याची हजेरी, कामगाराचं पेमेंट, क्लार्कचा पगार, इंजिनिअरची सॅलरी, अ‍ॅप्रेंटिसचा स्टायपेंड. शब्द ऐकला की आकडा कळतो. विचारून कुणाला अवघडवायची गरज नाही. यांतला सर्वांत सन्माननीय शब्द म्हणजे ऑनरेरियम, आपलं मानधन, आणि तो सर्वांत लहान रकमेला लावायचा असा अलिखित नियम आहे. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं पगार नसतो, मानधन असतं. २०२३ मध्ये ते वाढेपर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६,००० रुपये मिळत. मान शब्दातच चुकता व्हायचा. उरलेलं धन ते सहा हजार.

लग्नाच्या बाजारात या साऱ्या यादीवर भारी पडणारा एकच शब्द आहे: परमनंट. 'मुलगा काय करतो?' हा प्रश्न चहा येईपर्यंतचा. खरा प्रश्न चहानंतर येतो, "परमनंट आहे का?" कन्फर्म, कॅज्युअल, ट्रेनी, टेम्पररी, कंपनीच्या रोलवर, ठेकेदाराच्या रोलवर, हे सगळे बारकावे मुलीच्या मामाला तोंडपाठ असतात. 'टेम्पररी' आणि 'ट्रेनी' यांत सरांना पुस्तकी फरक दिसतो. मामाला दिसतं की ट्रेनी टिकला तर कन्फर्म होईल, टेम्पररी टिकला तर टेम्पररीच टिकेल.

आणि ही परमनंटची ओढ काही फक्त पोरांच्या नशिबी आलेली नाही. हे अख्खं शहर एकदा परमनंट होण्याच्या रांगेत उभं होतं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१व्या कलमात दोन इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी नांदतात. दुसरं पोटकलम म्हणतं, राष्ट्रपती आदेश काढून हायकोर्टाचं 'परमनंट बेंच' स्थापन करू शकतात. तिसरं म्हणतं, मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीने ठरवतील त्या ठिकाणीही न्यायमूर्ती 'सिट' करू शकतात, म्हणजे बसू शकतात. मराठवाड्याची मागणी बेंचची होती आणि दिल्लीचा होकार लांबत होता. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेतला आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून न्यायमूर्ती इथे बसू लागले.

लगोलग आव्हान आलं. आक्षेपाचं सार असं, की हे नाव बसण्याचं आणि काम बेंचचं चाललंय. नुसतं बसता येतं, पण असं ठाण मांडून बसता येत नाही. मुंबईत हायकोर्टाने आदेश रद्द ठरवला. प्रकरण दिल्लीला गेलं आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. बसणं वेगळं आणि कायमचं बसणं वेगळं, हे घरी आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत आपल्या आज्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. पण आज्यांचं मत कुठल्या लॉ रिपोर्टमध्ये छापून येत नाही. शेवटी राष्ट्रपतींच्या आदेशाने परमनंट बेंच आलं ते २७ ऑगस्ट १९८४ ला. तारखा पुन्हा बघा. बरोबर तीन वर्षं! शिक्षणसेवकालाही तेवढीच लागतात. बेंच आलं तसे शहरात बारही वाढले, दोन्ही अर्थांनी. आता कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून 'सर्किट बेंच' सुरू झालं आहे, तेही त्याच तिसऱ्या पोटकलमाखाली. म्हणजे बेंच आहे, परमनंट नाही. कोल्हापूरकरांना आमचा अनुभवाचा सल्ला: ऑगस्टवर लक्ष ठेवा.

सर म्हणाले, हे सगळं व्यवहारातलं झालं. ज्ञानाच्या प्रांतात शब्द असे घसरत नाहीत. मी म्हटलं, चला, अजिंठ्याला जाऊ.

मराठीत 'शोध' एकच. कोलंबसाने अमेरिकेचा लावला, बेलने टेलिफोनचा लावला, आणि पोलीस चोराचा घेतात. इंग्रजीत मात्र जे आधीपासून होतं ते सापडलं तर डिस्कव्हर, जे नव्हतंच ते घडवलं तर इन्व्हेंट. हा फरक सरांच्या जिव्हाळ्याचा. कारण त्यांच्या नोकरीत दर वर्षी एखादा तरी पोरगा लिहायचा, की जॉन स्मिथने अजिंठ्याच्या लेण्या इन्व्हेंट केल्या. सर लाल शाईने 'इन्व्हेंट' खोडायचे आणि वर 'डिस्कव्हर' लिहायचे. पण तेही कुठे बरोबर होतं? २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याच्या नजरेला लेणं पडलं. आसपासच्या गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होतीच. म्हणजे डिस्कव्हर या शब्दाचा खरा अर्थ 'साहेबाला कळलं' एवढाच. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनाही हा अर्थ सरांच्या आधी समजला होता.

स्मिथसाहेबाने दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. आज कुणी प्रेमवीर बदाम काढून दोन अक्षरं कोरायला गेला तर संरक्षित स्मारकाच्या कायद्याखाली आत जाईल. एकाच कृतीला १८१९ मध्ये डिस्कव्हरी म्हणतात आणि आज व्हँडॅलिझम. यात अर्थाचा फरक कुठला? फरक तारखेचा आणि टोपीचा. 'केव्ह'चंही तेच. वेरूळचं कैलास हे लेणं वरून खाली, उघड्या आभाळाखाली, अख्ख्या डोंगरातून कोरून काढलेलं मंदिर आहे. गुहेला निदान छप्पर तरी लागतं. पण तिकीट काढून आत गेलं की ते 'केव्ह नंबर १६', पंधरा आणि सतराच्या मध्ये, रोल नंबरप्रमाणे उभं.

तिथून परत शहरात. २०१६ मध्ये आपलं शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं आणि सर आनंदले, कारण 'स्मार्ट, क्लेव्हर, इंटेलिजंट' हे त्रिकूट त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. इंटेलिजंट म्हणजे बुद्धिमान, क्लेव्हर म्हणजे चतुर, स्मार्ट म्हणजे चटपटीत. गावाचा कोश वेगळा. इथे 'मुलगा स्मार्ट आहे' हे फोटो बघून म्हणतात आणि 'ओव्हरस्मार्ट आहे' हे बोलणं ऐकून. त्यामुळे शहर स्मार्ट होणार म्हटल्यावर लोकांनी रंगरंगोटीची अपेक्षा ठेवली, आणि ती चौकाचौकांत पुरी झाली. शहर बस पुढे 'स्मार्ट बस' झाली, विजेचा मीटरही स्मार्ट होऊ लागला. मीटर स्मार्ट झाला की बिल क्लेव्हर होतं, असं गल्लीतलं निरीक्षण आहे. सर या वाक्यातलं व्याकरण बरोबर असल्याचं मान्य करतात.

आता जबाबदारी. या खात्यात शहराचा सर्वांत जुना अभ्यास पाण्यावर आहे. इथे 'कितीचा गॅप?' असं कुणी विचारलं तर तो दातांचा किंवा शिक्षणाचा नसतो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं याचा असतो. शिक्षणात एक वर्षाचा गॅप पडला तर गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं. पाण्याच्या गॅपचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही, ड्रम बघून समजून घेतात. गॅप वाढण्याची कारणं दोन: शटडाऊन आणि ब्रेकडाऊन. शटडाऊन म्हणजे आधी सांगून बंद केलेलं, ब्रेकडाऊन म्हणजे बंद पडल्यावर सांगितलेलं. सरांना हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. नळाला वाटत नाही. शहराच्या पाण्यासाठी आखलेल्या एका मोठ्या योजनेचं नाव 'समांतर जलवाहिनी' होतं. समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत, हे सातवीच्या भूमितीत सगळ्यांनी पाठ केलं होतं. तरी नाव ठेवताना कुणाला आठवलं नाही. २०१६ मध्ये त्या योजनेचा करारच रद्द झाला. भूमिती खोटं बोलत नाही.

पाण्यातलाच दुसरा शब्द डेड स्टॉक. जायकवाडीत पाण्याचे दोन प्रकार आहेत: लाइव्ह स्टोअरेज आणि डेड स्टोअरेज, म्हणजे जिवंत साठा आणि मृत साठा. पाणी वेगळं नाही. दाराच्या वर आहे ते जिवंत, दाराच्या खाली राहिलं ते मेलेलं. हा मृत साठा थोडाथोडका नाही, सुमारे २६ टीएमसी आहे. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत जिवंत साठा शून्यावर आला आणि शहर मेलेल्या पाण्यावर जगलं. इंजिनिअर या वाक्यात काही विचित्र आहे असं मानत नाहीत. सर मात्र अस्वस्थ होतात, कारण त्यांच्या डोक्यातलं 'डेड स्टॉक' हे शाळेचं रजिस्टर आहे, शुद्ध मराठीत जडवस्तू नोंदवही. त्यात टेबल, कपाट, घंटा, पृथ्वीचा गोल आणि बाक, म्हणजे बेंच, यांची नोंद असते. एकाच शहरात एक बेंच डेड स्टॉकमध्ये आणि दुसरं परमनंट! आणि शाळेच्या डेड स्टॉकमधून काही कमी झालं तर हेडमास्तरांकडून भरून घेतात. धरणाच्या डेड स्टॉकला तसा हेडमास्तर नाही.

इथवर सर हसत होते. पुढचं उदाहरण मराठवाड्याच्या अंगावरचं आहे, आणि त्यात शब्दकोशाचं काम खुद्द विधिमंडळाने केलेलं आहे.

इंग्रजीत फॅमिन, ड्रॉट आणि स्कॅर्सिटी हे तीन वेगळे शब्द. पाऊस पडला नाही तो ड्रॉट. चणचण भासली ती स्कॅर्सिटी. माणसं उपाशी मरू लागली तो फॅमिन. ब्रिटिशांनी १८८० च्या दशकात फॅमिन कोड केले, त्यात फॅमिन जाहीर झाला की सरकारने काय काय करायचं हे लिहिलेलं होतं. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक कायदा केला. त्याचं कामच मुळी राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकणं हे होतं. कारण दिलं होतं ते असं, की राज्य सरकार शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे फॅमिन येण्याला आता वावच नाही. मग शब्द कशाला ठेवायचा? त्याच्या जागी 'स्कॅर्सिटी' बसवण्यात आला. जगात लोकांनी दुष्काळावर विहिरी खणल्या, कालवे काढले, नवस बोलले. तो खोडरबराने घालवण्याचा मान आपला.

नऊ वर्षांनी १९७२ उजाडलं. कायदेशीर दृष्टीने ती स्कॅर्सिटी होती. लोकांनी खडी फोडली, नालाबांधावर घमेली उचलली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो दळून भाकऱ्या थापल्या. त्या कामांतून आणि वि. स. पाग्यांच्या चिकाटीतून रोजगार हमी योजना वाढली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, हे त्या वर्षाचं मोठं देणं. पण आजही फुलंब्री-पैठणकडच्या म्हाताऱ्याला वय विचारा. तो म्हणेल, "बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो," आणि हात कमरेपाशी धरून दाखवेल. 'बहात्तरच्या स्कॅर्सिटीत' म्हणणारा म्हातारा अजून जन्माला यायचा आहे.

त्यानंतर सरकारी इंग्रजी आणि सरकारी मराठी यांची जुगलबंदीच लागली. २०१५ चा पाऊस गेला तेव्हा शासनाच्या कागदात शब्द आला 'दुष्काळसदृश'. मराठी व्याकरणात सम, समान, सारखा, सदृश हे शब्द दिसले की उपमा अलंकार ओळखायचा, हे आठवीच्या मुलालाही येतं. म्हणजे विहिरी कोरड्या, टँकर रस्त्यावर, जनावरं छावणीत, आणि महसूल खातं अलंकारात. शेवटी हायकोर्टात विचारणा झाली आणि मे २०१६ मध्ये सरकारने सांगितलं, की जिथे जिथे 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथे तिथे 'दुष्काळ' असं वाचावं. सुमारे २९ हजार गावांत एका शुद्धिपत्रकाने उपमेचं रूपक झालं. त्याच साली केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली आणि त्यात प्रतवारी: सिव्हियर आणि मॉडरेट. २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके जाहीर झाले, त्यांत ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. मध्यम दुष्काळातल्या शेतकऱ्याला आपलं मध्यमपण कशात आहे हे शोधायला तलाठ्याकडे जावं लागलं.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये उलटंच झालं. मराठवाड्यावर इतका पाऊस कोसळला की उभी पिकं, जनावरं आणि ठिकठिकाणी शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. मागणी आली, ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारकडून उत्तर आलं, की ओला दुष्काळ अशी संज्ञाच संहितेत नाही. मात्र दुष्काळात देतात त्याप्रमाणे सवलती देऊ. बघा, पुन्हा उपमा! इंग्रजीत 'वेट ड्रॉट' म्हटलं तर साहेब हसेल, हे खरं. पण आपल्याकडे तो शब्द कवीने नव्हे, कुणब्याने केला आहे, आणि त्याचा अर्थ पावसात नाही, रिकाम्या कणगीत आहे. सरकारी मापाने एका मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. ६४ पडला तर तो नुसता पाऊस, आणि त्यात सोयाबीन कुजलं तर ते सोयाबीनचं वैयक्तिक कारण.

सरांनी इथे माझं म्हणणं अर्धं मान्य केलं. अर्धंच, कारण त्यांच्या मते दोष शब्दांचा नाही. फॅमिन, ड्रॉट, स्कॅर्सिटी यांतले फरक खरेच आहेत आणि कामाचेही आहेत. डॉक्टरला ताप आणि न्यूमोनिया वेगळे कळायलाच हवेत. बिनसतं ते तेव्हा, जेव्हा न्यूमोनियाची औषधं महाग म्हणून रोग्याला 'तापसदृश' लिहून देतात. हे मला पटलं. त्यांनी मग फळ्यावर आखतात तसा हवेत तक्ता आखला आणि उभ्या रेघेच्या पलीकडे आणखी एक रेघ मारली. म्हणाले, दोन रकाने अपुरे पडतात; तिसरा लागतो, 'हा शब्द वापरल्याने कुणाचे किती वाचले?' परमनंट आणि कॉन्ट्रॅक्ट, पगार आणि मानधन, दुष्काळ आणि टंचाई, कुठलीही जोडी घ्या, तिसरा रकाना भरला की पहिले दोन आपोआप समजतात. पोरांना हे आधी शिकवलं असतं तर इंग्रजीत नसती, पण अर्थशास्त्रात नक्की पास झाली असती, असंही म्हणाले.

तेव्हा यापुढे एखाद्या कचेरीने जुना शब्द काढून घेऊन हातात नवा, गुळगुळीत, इंग्रजीतून उतरलेला शब्द ठेवला, तर घरी येऊन शब्दकोश उघडू नका. शासन निर्णय शेवटपर्यंत वाचा. खरा अर्थ सहीच्या जरा वर, अशा ओळीत असतो, जिथे म्हटलेलं असतं की या बदलामुळे शासनावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही.